पंधरापैकी साडेतीन आणि ‘आकृती काढा’: नागपुरातल्या एका टेस्ट सिरीजचा अनुभव

पंधरापैकी साडेतीन मार्क. खाली लाल शाईत दोनच शब्द: ‘आकृती काढा.’

प्रश्न असा होता: ‘नवस्वतंत्र राष्ट्रात नेत्याच्या राजीनाम्यानंतर येणारे संक्रमणकालीन सरकार स्थैर्याचे साधन ठरते की अस्थैर्याचे कारण? सोदाहरण चर्चा करा.’ अडीचशे शब्द, पंधरा गुण. यात आकृती कशाची काढायची? राजीनाम्याची? मेट्रोत बसून मी तो कागद तीनदा वाचला. सीताबर्डीला उतरून लोकमान्य नगरची गाडी धरायची होती, ती राहूनच गेली. छत्रपती चौक आला तेव्हा भानावर आले.

या सराव परीक्षांच्या सिरीजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या आधीच्या रूम पार्टनरने एका क्लासबद्दल खरं काय ते लिहिलं, तर आठवडाभर ‘ताई, तेवढा रिव्ह्यू काढून टाका ना’ असे फोन येत होते. शिवाय राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाल्यापासून नागपुरात अशा सिरीज पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या आहेत. नाव कोणतंही असो, पैसे भरण्याआधी काय काय बघायचं ते इथे सापडेल.

मी वरोऱ्याकडची. नागपुरात सहावं वर्ष, मराठी माध्यम. युपीएससीची ही दुसरी मेन्स असेल. सकाळी अभ्यासिका, संध्याकाळी भाऊजींच्या दुकानाचे हिशेब. सिरीजची फी साडेआठ हजार, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत जवळपास दोन क्विंटल सोयाबीन. त्यात बारा पेपर, प्रत्येक पेपर सात दिवसांत तपासून हातात, सोबत ‘आदर्श उत्तर’, आणि प्रत्येक पेपरनंतर दहा मिनिटं मेंटॉरिंग. पत्रकावर हे सगळं होतं. वर एका मुलाचा सूटबूटातला फोटो. तो या सिरीजचा विद्यार्थी होता की फक्त मॉक इंटरव्ह्यूला येऊन चहा पिऊन गेला, हे विचारायचं मला सुचलं नाही. तुम्ही विचारा.

आधी चांगलं सांगते. हॉल उत्तम. पेपर रविवारी बरोबर नऊला सुरू, बारा वाजता कॉपी ओढून घेतात, ‘दोन मिनिटं सर’ चालत नाही. उत्तरपत्रिकेचा कागद जाड आहे, जेल पेनाची शाई मागे फुटत नाही. मे महिन्यात दोन मोठे कूलर लावले होते. वाळ्याच्या ताट्या ओल्या ठेवायला एक काका खास होते. कूलरसमोरची रांग तेवढी टाळा. कागद उडतात, अन् एका हाताने पेपर दाबून दुसऱ्या हाताने वीस प्रश्न लिहिताना मनगट बोलायला लागतं. पाण्याचा कॅन नेहमी भरलेला. मुलींचं स्वच्छतागृह स्वच्छ आणि आतून कडी लागणारं. हे लिहावं लागतं, कारण सगळीकडे नसतं.

आता तपासणी. सात दिवस म्हटले होते, पहिला पेपर तेविसाव्या दिवशी मिळाला. चौदाव्या पानावर तेलाचा गोल डाग. डागाचं गूढ नंतर उकललं. आतल्या खोलीत ‘एक्स्पर्ट पॅनल’ बसतं, म्हणजे तीन मुलं, माझ्याच वयाची, माझ्याच परीक्षेत अडकलेली. मधे कॉप्यांचा गठ्ठा, गठ्ठ्यावर समोशाची पुडी. एका कॉपीमागे किती मिळतात ते त्यांनीच सांगितलं. आकडा लिहीत नाही, पण तेवढ्यात दोन प्लेट तर्री पोहे येतात, तिसरी येत नाही. मला त्यांचा राग आला नाही. एवढ्या पैशात मीही ‘आकृती काढा’ लिहून पुढची कॉपी ओढली असती.

पण उत्तराचं काय?

ग्रुपवर बहुतेकांनी बांगलादेश 2024 लिहिलं होतं. शेख हसीना 5 ऑगस्टला देश सोडून गेल्या, मुहम्मद युनूस यांनी 8 ऑगस्टला शपथ घेतली, मधले तीन दिवस देशाला सरकार नाही. उदाहरण ताजं, तारखा तोंडपाठ. मला ते पटेना. 1971 साली जन्मलेलं राष्ट्र 2024 मध्ये नवस्वतंत्र कसं? त्रेपन्न वर्षांच्या माणसाला अंगणवाडीत बसवल्यासारखं झालं ते. म्हणून मी आग्नेय आशियातलं तिमोर-लेस्ते घेतलं. 20 मे 2002 ला स्वतंत्र झालेला देश, आणि चार वर्षं होतात न होतात तोच तिथल्या पंतप्रधानाने राजीनामा दिला.

माझ्या उत्तरात मजकूर होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पोर्तुगालची वसाहत. 1975 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊच दिवसांत इंडोनेशियाची फौज शिरली. 30 ऑगस्ट 1999 ला सार्वमत, 78.5 टक्के लोक स्वातंत्र्याच्या बाजूने. त्यानंतर जाळपोळ, मग संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन, मग 2002. आणि 2006. फौज सगळी मिळून दीड हजाराच्या आसपास. पश्चिमेकडच्या सैनिकांचं म्हणणं असं की बढत्या पूर्वेकडच्यांनाच मिळतात. ते बराकी सोडून निघून गेले, आणि मार्चमध्ये जवळपास सहाशे जणांना एका फटक्यात काढून टाकलं. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फौज घरी! एप्रिलअखेर राजधानी दिलीत दंगल पेटली, मेमध्ये लष्कर आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले. दहा लाखांच्या देशात दीड लाखाच्या आसपास माणसं घर सोडून तंबूत. ऑस्ट्रेलियाची फौज बोलवावी लागली. गृहमंत्री रोजेरिओ लोबातो यांच्यावर नागरिकांना बंदुका वाटल्याचा आरोप, पुढच्या वर्षी त्यांना त्यात शिक्षाही झाली. 22 जूनला राष्ट्राध्यक्ष शनाना गुजमाओ यांनी सांगून टाकलं की पंतप्रधान मारी अल्कातिरी जात नसतील तर मी जातो. 25 ला परराष्ट्रमंत्री जोझे रामोस-होर्ता यांनी मंत्रिपद सोडलं. 26 जून 2006 ला अल्कातिरींनी राजीनामा दिला. 10 जुलैला रामोस-होर्ता पंतप्रधान.

अडीचशे शब्दांत एवढं बसवणं काय असतं ते बसवणाऱ्यालाच ठाऊक.

चूक माझीही होती, तीही लिहिते. शेवटी घाईत मी एक वाक्य ठोकून दिलं: ‘तत्पूर्वी 2001 मध्येही गुजमाओ यांच्या राजीनाम्यानंतर संक्रमणकालीन प्रशासन आले होते.’ हे साफ चूक आहे. का, ते पुढे येईल. गंमत अशी की या वाक्याखाली लाल रेघ नव्हतीच. उलट बरोबरची खूण होती.

मग ‘आदर्श उत्तर’ उघडलं. अडीचशे शब्दांच्या प्रश्नाला चारशेच्या वर शब्द. मी पेन्सिलीने मोजले, कारण तोवर डोकं फिरलं होतं. पहिला परिच्छेद प्रस्तावना, दुसरा परिच्छेद प्रस्तावनेची प्रस्तावना. मग उदाहरणांचा तक्ता, आणि तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत आमचं तिमोर: ‘2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष गुजमाओ यांच्या राजीनाम्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे सर्जिओ व्हिएरा द मेलो यांनी संक्रमणकालीन सरकार चालवले.’

गुजमाओंनी 2006 मध्ये राजीनाम्याची धमकी दिली होती, राजीनामा नाही. आणि व्हिएरा द मेलो 19 ऑगस्ट 2003 ला बगदादमधल्या बॉम्बस्फोटात मारले गेले. गेलेल्या माणसाकडून तीन वर्षांनी कारभार चालवून घेतला की राजेहो!

प्रिंट काढून काउंटरवर गेले. काउंटरवरच्या ताई बोलायला गोड आहेत, पण त्यांच्याकडे एकच वाक्य आहे: ‘पॅनलनी फायनल केलंय मॅडम.’ मी तारखा दाखवल्या. त्यांनी प्रिंट उलटसुलट करून बघितली, जणू दुसऱ्या बाजूला बरोबर उत्तर असेल. मग म्हणाल्या, ‘तुम्ही मेंटॉरिंगचा स्लॉट घ्या ना. मंगळवारी सर येतात.’

या सिरीजमध्ये पैसे वसूल झाले ते इथे.

सर सत्तरीच्या आसपासचे. कॉलेजातून निवृत्त. पांढरा बुशशर्ट, चष्म्याला काळी दोरी, हातात तीन पुडांचा स्टीलचा डबा. बोर्डावर त्यांचं नावही नव्हतं. मी कॉपी पुढे केली. त्यांनी आधी ‘आकृती काढा’ वाचलं अन् चष्मा वर केला.

‘काय काढशील तू? खुर्ची?’

मग उत्तर पूर्ण वाचलं. घाई नाही. मधे एकदा बोट ठेवून थांबले, 2001 च्या त्या वाक्यावर. ‘हे काहून लिहिलं?’

म्हटलं, वाचलं होतं सर, गुजमाओंनी राजीनामा दिला होता.

‘दिला होता, खरं आहे. पण सही कोणाची चालत होती?’

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, सरकार बदललं का हे बघायचं असेल तर तीन गोष्टी विचारायच्या. राजीनामा कोणाच्या हातात दिला, दुसऱ्या दिवशीपासून सही कोणाची चालते, आणि येणाऱ्याच्या निघून जायची तारीख कोणी ठरवली. ‘एवढं लिही. बाकी मसाला.’

2001 चं असं होतं. सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर 1999 मध्ये ठराव क्रमांक 1272 करून तिमोरचा सगळा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे दिला. कायदे करणं, राबवणं, न्यायदान, सगळंच. प्रमुख व्हिएरा द मेलो, मूळचे ब्राझीलचे. हेच ‘संक्रमणकालीन प्रशासन’, म्हणजे कोणाचा राजीनामा व्हायच्या आधीपासून ते तिथे होतं. त्यांनी तिमोरच्याच लोकांची 36 जणांची राष्ट्रीय परिषद नेमली. निवडलेली नव्हे, नेमलेली. तिचे अध्यक्ष गुजमाओ. डोंगरात लढलेला आणि जकार्तात तुरुंग भोगलेला माणूस तो. परिषदेतल्या भांडणांना कंटाळून मार्च 2001 मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं. एप्रिलमध्ये मानुएल कारास्कालाओ त्या जागी आले. पण अध्यादेशावर आधी सही व्हिएरा द मेलोंची होती, नंतरही त्यांचीच. देशातला सगळ्यात मोठा नेता उठून गेला तरी सरकार तसूभर हललं नाही, कारण सरकार त्याच्या हातात नव्हतंच. ‘हा मुद्दा आहे पोरी,’ सर म्हणाले. ‘तू त्याला तळटीप केलंस.’

अन् 2006? तिथे सही खरोखर बदलली. पण तिथेही लोक समजतात तसं काही रातोरात नवं सरकार आलं नाही. संसद तीच राहिली. 2001 मध्ये संविधान सभा म्हणून निवडून आलेली 88 जणांची सभाच पुढे नवी निवडणूक न घेता संसद झाली होती, आणि त्यात अल्कातिरींच्या फ्रेटिलिन पक्षाचे 55. म्हणजे पंतप्रधान गेला, पण त्याचं बहुमत जागच्या जागी. रामोस-होर्ता पक्षाबाहेरचे. 1996 चं शांततेचं नोबेल बिशप बेलो यांच्यासोबत वाटून घेतलेले. तरी फ्रेटिलिनच्या संमतीशिवाय त्यांना एक दिवस ढकलता आला नसता. म्हणून त्यांच्या खाली दोन उपपंतप्रधान ठेवले, त्यातला एक फ्रेटिलिनचा, एस्तानिस्लाव दा सिल्वा. काम काय, तर तंबूतल्या लोकांना सांभाळायचं आणि 2007 च्या निवडणुकीपर्यंत गाडी नेऊन पोचवायची.

गाडी पोचली. मे 2007 मध्ये रामोस-होर्ता स्वतःच राष्ट्राध्यक्ष झाले, मग मधले काही आठवडे दा सिल्वा पंतप्रधान. हंगामीच्या पोटात आणखी एक हंगामी. 30 जूनला संसदेची निवडणूक झाली. 65 पैकी फ्रेटिलिनला 21, गुजमाओंच्या नव्या पक्षाला 18. सगळ्यात मोठा पक्ष फ्रेटिलिन, पण आघाडी जमली गुजमाओंची, आणि 8 ऑगस्टला पंतप्रधान झाले तेच. फ्रेटिलिन म्हणालं हे घटनाबाह्य आहे. पुन्हा जाळपोळ. ‘आता मला सांग,’ सर म्हणाले, ‘जो म्हणाला तू जा नाहीतर मी जातो, तोच सव्वा वर्षात त्या खुर्चीवर बसला. याला स्थैर्य म्हणशील का अस्थैर्य?’

मी गप्प. दहा मिनिटं कधीच संपली होती. बाहेर पुढचा मुलगा दारातून डोकावून गेला. सरांनी त्याला आत बोलावून घेतलं, ‘बस, तूही ऐक.’ आणि डबा उघडला.

वरच्या पुडात भेंडी, मधल्यात पोळ्या, खालच्यात वरण. झाकण बाजूला ठेवून तिन्ही पुडं टेबलावर ओळीने मांडली. ढाका, 6 डिसेंबर 1990. भेंडी म्हणजे राष्ट्राध्यक्ष इर्शाद. पोळ्या म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष मौदूद अहमद. वरण म्हणजे सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद. रस्त्यावर लोक, इर्शादला जावंच लागणार. पण राजीनामा उपराष्ट्राध्यक्षाच्या हातात दिला तर त्याचाच माणूस वर बसतो, विरोधकांना ते मान्य नाही. मग करायचं काय? सरांनी पोळ्यांचं पूड उचलून मागे ठेवलं: आधी मौदूदचा राजीनामा. वरणाचं पूड पोळ्यांच्या जागी सरकवलं: सरन्यायाधीशाची उपराष्ट्राध्यक्षपदी नेमणूक. मग भेंडी उचलली: आता इर्शादने या नव्या उपराष्ट्राध्यक्षाकडे राजीनामा दिला. वरण पहिल्या जागेवर. सगळ्यांना चालणारा माणूस खुर्चीत. 27 फेब्रुवारी 1991 ला निवडणूक. शहाबुद्दीन यांची अट होती की काम झालं की मला माझ्या कोर्टात परत जायचंय. त्यासाठी अकरावी घटनादुरुस्ती केली आणि ते खरंच परत सरन्यायाधीश झाले. बांगलादेश तेव्हा एकोणीस वर्षांचा. मिसरूड फुटलेलं पोर, नवस्वतंत्र म्हणायला काही हरकत नाही.

मग त्यांनी भेंडीच्या पुडावर झाकण ठेवलं. ‘अन् हे 1969.’ पाकिस्तानात आयुब खान यांनी 25 मार्चला पद सोडलं. त्यांनीच 1962 मध्ये केलेल्या घटनेप्रमाणे कारभार सभापतीकडे जायला हवा होता. त्यांनी तो दिला सेनापती याह्या खान यांना. मार्शल लॉ. ‘घटना स्वतःची होती ना? स्वतःच्या घटनेतला माणूसही त्याला चालला नाही.’ दोन वर्षांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

मी डब्याकडे बघत होते, पण डोळ्यापुढे आमच्या ग्रामपंचायतीचं लोखंडी कपाट होतं. मी बारावीत असताना आमच्या सरपंचांनी राजीनामा दिला. सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतीकडे जातो, तसा गेला. माझे बाबा उपसरपंच. चार महिने चार्ज त्यांच्याकडे. पण बँकेत सहीचा नमुना जुन्या सरपंचांचा, आणि तो बदलायला ठराव, मग पत्र, मग शिक्का, मग ‘साहेब सुट्टीवर’. तोवर चेक निघेना. शिपायाचा पगार थांबला, गावातले दिवे बंद. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर बाबांनी स्वतःच्या पैशाने आणली. लोक म्हणायचे, चार्ज आहे ना तुमच्याकडे, आमचा रस्ता मंजूर करून टाका. बाबा म्हणायचे, ‘मी चावी सांभाळतोय फक्त.’ मला तेव्हा त्यांचा राग यायचा. एवढं हातात आलं आणि हा माणूस पावडर विकत आणतो!

सरांना हे सांगितलं. ते मनापासून हसले. ‘हे उत्तरात नको लिहू. पण हे माहीत असलेल्या माणसाचं उत्तर वाटलं पाहिजे.’

जाता जाता त्यांनी खिडकीतून सिव्हिल लाइन्सकडे हात केला. म्हणाले, अडीचशे शब्दांत हेही बसत नाही, पण नागपूरकर आहेस तर ठेव. 1937 च्या एप्रिलमध्ये काँग्रेसने मंत्रिमंडळ करायला नकार दिला तेव्हा इथे मध्य प्रांतात राघवेंद्र राव यांचं हंगामी मंत्रिमंडळ होतं. मग काँग्रेसचे डॉ. ना. भा. खरे आले. जुलै 1938 मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, मराठी भागातले मंत्री सोबत आले, महाकोशलच्या तिघांनी राजीनामा द्यायला नकार दिला. गव्हर्नरने त्या तिघांना काढलं आणि रातोरात खऱ्यांना नवं मंत्रिमंडळ करू दिलं. काँग्रेसश्रेष्ठी भडकले, गव्हर्नरच्या मदतीने सरकार बनवता म्हणजे काय? आठवड्याभरात खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला आणि रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. म्हणजे एका आठवड्यात दोन राजीनामे, तेही एकाच माणसाचे. सर सांगत होते अन् मी मनात तेच तीन प्रश्न लावत होते. पहिला राजीनामा गव्हर्नरच्या हातात, दुसरा पक्षाच्या धाकाने. सही कोणाची चालते, ते त्या आठवड्यात नागपूरला नेमकं कळलं असणार.

दहा मिनिटांच्या स्लॉटची पन्नास मिनिटं झाली. सरांनी पोळ्या दुमडून आम्हा दोघांपुढे एकेक केली. भेंडी छान होती, थोडी खारट.

मग घरी येऊन उत्तर पुन्हा लिहिलं. तिमोरला अर्धं पान, दोन्ही राजीनामे वेगवेगळे, 2001 मध्ये सही का बदलली नाही ते एका वाक्यात. ढाक्याला चार ओळी. आणि हो, तीन चौकोन काढले, मधे बाण. राजीनामा कोणाकडून कोणाकडे. म्हणजे लाल शाईवाल्या त्या पोराचं म्हणणं अगदीच वाया गेलं असं नाही. त्याला मात्र ते का, हे सांगता आलं नसतं.

आता स्टार. हॉलला पाचपैकी पाच. कागदाला चार. वेळेवर तपासून देण्याला एक, तोही तेविसाव्या दिवशी का होईना पण दिला म्हणून. आदर्श उत्तरांना शून्य. मी त्यांना दोन चुका लेखी कळवल्या, महिना झाला, पीडीएफमध्ये द मेलोसाहेब अजून 2006 साली कारभार बघताहेत. नवीन बॅचलाही तीच पीडीएफ गेली. सरांना मी स्टार देणार नाही, देणारी मी कोण. वर ॲपवर एकच आकडा मागतात म्हणून तीन दिले आहेत. ती चांगल्या-वाईटाची गोळाबेरीज आहे, एवढं लक्षात ठेवा.

ज्यांना तरीही घ्यायची आहे त्यांच्यासाठी: बारा पेपरांचं पॅकेज घेऊ नका, चारचं मिळतं, फक्त पत्रकावर छापत नाहीत, विचारावं लागतं. पैसे दोन हप्त्यांत घेतात, पावती मागा. मेंटॉरिंगचा स्लॉट ॲपवर ‘फुल’ दिसतो, तो फुल नसतो. मंगळवारी किंवा शुक्रवारी अकराच्या आत काउंटरवर जाऊन वहीत नाव लिहा. सोबत तपासलेली कॉपी न्या, मोबाइलवरचा फोटो सर बघत नाहीत. एकच प्रश्न घेऊन जा, सगळा पेपर नाही. आणि जेवणाच्या वेळी गेलात तर स्वतःचा डबा न्या.

पुन्हा लिहिलेलं उत्तर मी फेरतपासणीला टाकलं होतं. परवा आलं. पंधरापैकी साडेसात. खाली लाल शाईत: ‘बाण ठळक काढा.’